शनिवारच्या वह्या

आमच्या झाशीत नवी हौस येते ती बहुतेक वेळा लष्कराच्या बदलीबरोबर. एका साहेबांच्या पत्नीने बबीन्याच्या छावणीतून झुंबा आणला. साहेबांची बदली झाली, झुंबा त्यांच्याबरोबर गेला आणि त्यासाठी घेतलेले रंगीत बूट आमच्याकडे राहिले. पुढच्या मॅडमनी केक आणले, त्यांच्या पुढच्या मॅडमनी मातीची कानातली. हाताने वह्या शिवायच्या आणि त्यांत चित्रं, चिटोरी, फिती चिकटवत बसायचं, ही हौसही अशीच आली, आताच्या मॅडमबरोबर. तिला आर्ट जर्नल म्हणायचं. मी एकदा चुकून रोजनिशी म्हटलं तर मॅडमचा चेहरा पडला. रोजनिशीत माणूस लिहितो, आर्ट जर्नलमध्ये लिहिणं सोडून बाकी सगळं करायचं असतं.

या मॅडम पुण्याच्या. गणपतीनंतरच्या बैठकीत त्यांनी आमच्या मराठी मंडळापुढे कल्पना मांडली की दर शनिवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये बायकांनी जमावं आणि वह्या शिवाव्यात. "हाताने वही शिवली ना, की मनसुद्धा शिवलं जातं," असं त्या डोळे मिटून म्हणाल्या. समोरच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हा बायकांची मनं फाटलेली आहेत हे त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे. पण चहाबरोबर समोसे होते, त्यामुळे ठराव बिनविरोध मंजूर झाला.

आमच्या मंडळात दोन तऱ्हेची मराठी माणसं आहेत. एक आम्ही, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. पूर्वज कोणी कारभार बघायला आले, कोणी पूजा सांगायला आले, आणि परत या म्हणून कोणी बोलावलं नाही म्हणून इथेच राहिले. दुसरे लष्करातले, सामानाच्या पेट्या पूर्ण न उघडताच राहणारे. आम्ही बोलायला लागलो की त्यांच्या चेहऱ्यावर दया येते, कारण आमच्या मराठीत निम्मी हिंदी असते आणि उरलेल्या निम्म्यात फडताळ, दौत असले शब्द असतात. त्यांच्यातल्या बायका मोठ्या प्रेमाने आमचं बोलणं सुधारतात. आम्ही तितक्याच प्रेमाने त्यांच्या बदलीची वाट बघतो.

मला वह्या शिवायला मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढची टवाळी घरातल्या माणसाने केलेली आहे हे लक्षात राहील. मी रेल्वेच्या कचेरीत नोकरी करते. दिवसभर पडद्यावर आकडे सरकवून घरी येते तेव्हा हातांनी काहीच केलेलं नसतं आणि तरी हात दुखत असतात. कागद दुमडावा, चमच्याच्या पाठीने घडी दाबावी, दाभणाने भोकं पाडावीत, मेण लावलेला दोरा ओढून घ्यावा, आणि शेवटी हातात एक वस्तू उरावी, याचं सुख मला फार वाटतं. आता त्या वस्तूचं करायचं काय, हा प्रश्न वेगळा. माझ्या कपाटात अशा कोऱ्या वह्यांची एक चळत आहे. इतकी छान वही खराब कशी करायची म्हणून मी एकीतही ओळ लिहिलेली नाही. किराण्याची यादी मी अजून पाकिटाच्या पाठीवरच लिहिते.

आर्ट जर्नलचा पहिला नियम असा की कागद नवा दिसता कामा नये. तो जुना, पिवळट, कुठल्याशा पेटाऱ्यातून निघाल्यासारखा दिसला पाहिजे. त्यासाठी चांगला कोरा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा आणि कडा मेणबत्तीवर जराशा जाळायच्या. मी बड्या बाजारात कागद घ्यायला गेले आणि दुकानदाराला हे सांगून बसले. तो हातातलं काम थांबवून म्हणाला, "काए जिज्जी, नओ कागज चाय में डुबोहौ? हमाए गोदाम में तो एकई बरसात में अपने-आप पुरानो हो जात।" त्याने मला गोदामातला खराब झालेला गठ्ठा दाखवलासुद्धा. वास सोडला तर मॅडमना हवा होता तस्साच. मी तरी नवाच कागद घेतला, घरी आणला आणि चहात बुडवला. शिकलेली माणसं आहोत आम्ही.

दुसरा नियम असा की पहिलं पान मनाला येईल तसं रंगवायचं. आमच्या मनांना एकच गोष्ट आली. किल्ला, घोडा आणि घोड्यावर तलवार उगारलेली बाई. झाशीत कुठल्याही कलेचं पहिलं पान घोड्यावर बसूनच येतं. बहुतेकींचे घोडे कुत्र्यावर गेले होते. मॅडमनी सगळ्यांना सांगितलं की यात खूप ऊर्जा आहे. दुसऱ्या पानावर काय काढायचं ते कोणालाच सुचलं नाही, म्हणून तिथे तयार फुलपाखरांचे स्टिकर लागले.

माझ्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना मी वहिनी म्हणते, त्या आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात. सुरुवातीला त्यांना हे सगळं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग वाटायचे. "अगं, चहा कागदात बांधून आणतात. कागद चहात कोण घालतं?" असं म्हणून त्या माझ्या बादलीत डोकावून हसायच्या. मी शिवलेली पहिली वही त्यांनी उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "ही वही आहे की उशी? दोरा तर बिलकुल ढिला होऊन राहिलाय." पुढच्या शनिवारी, माझ्या हातून होणाऱ्या कागदांच्या हालअपेष्टा बघवत नाहीत म्हणून, त्या स्वतःच पिशवी घेऊन माझ्याबरोबर निघाल्या.

त्या दिवशी मॅडमनी पानासाठी विषय दिला होता, आजची भावना. वहिनींनी विचारलं, "भावना म्हणजे नेमकं काय काढू?"

"आज तुम्हाला आतून काय वाटतंय ते काढा. काहीही येऊ दे. अडवू नका."

वहिनींनी अडवलं नाही. त्यांनी एक मोठं वांगं काढलं, जांभळं, आणि त्याला मधोमध एक काळं भोक. मॅडम वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले. "केवढं खोल आहे हे," त्या हळूच म्हणाल्या, "ही पोकळी..."

"पोकळी नाही हो, कीड आहे," वहिनी म्हणाल्या. "सकाळी भाजीवाल्याने वांगं दिलं ते किडकं निघालं. सकाळपासून तेच डोक्यात बसलंय."

आम्ही इतक्या हसलो की शेजारच्या खोलीतले पत्ते खेळणारे पुरुष दार उघडून बघून गेले. वहिनीही हसल्या. त्यांच्या वहीत पुढे असलंच सगळं येत गेलं. औषधाच्या पाकिटांचा चंदेरी कागद, गॅसची पावती, दिनदर्शिकेची फाटकी पानं, गच्चीवर पडलेलं कबुतराचं पीस. बाकीच्यांच्या वह्या ब्यूटी पार्लरच्या काचेसारख्या चकचकीत होत्या. वहिनींची वही फुगून बंद होईनाशी झाली, तिला त्यांनी नाडी बांधली. ती काही सुंदर नव्हती. खरं सांगायचं तर बरीच कुरूप होती. पण हातात घेतली की खाली ठेववत नसे, आणि माझ्या कपाटातल्या कोऱ्या चळतीबद्दल असं मी म्हणू शकत नाही.

आता शनिवारबद्दल सांगायला हवं, कारण पुढचा सगळा तमाशा त्यावरूनच झाला. भाऊजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून वहिनी बाहेर पडायच्या त्या बँकेत, डॉक्टरकडे आणि लक्ष्मी तालाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावरच्या महालक्ष्मीला. देवळातही गर्दी नसेल अशी वेळ बघून. तुम्ही येऊ नका, असं त्यांना कोणी कधी म्हटलं नाही. आमच्यात असं तोंडावर म्हणत नाहीत, आमचे संस्कार चांगले आहेत. फक्त बारशाचं बोलावणं यायचं ते खाली माझ्याकडे यायला लागलं. डोहाळजेवणाचा निरोप मला मिळायचा आणि जिन्याच्या दोन पायऱ्या चढून वर जायचा नाही. शनिवार हा एकच दिवस असा होता की त्या कोणाच्या बोलावण्याची वाट न बघता, कोणाचा काय विचार होईल हे मनात न आणता घराबाहेर पडत. सकाळपासून त्यांची घाई चालायची. जेवणं लवकर उरकायची, आणि मी अजून भांडी विसळते आहे तोवर जिन्यावरून हाक यायची, "चलतेस ना गं? ऊन निघून जाईल." हॉलमध्ये खिडकीजवळची खुर्ची त्यांची ठरलेली. तिथे बसून त्या मॅडमशी डिंक बरा की मैद्याची खळ बरी यावर भांडायच्या, आणि घरी परतताना वाटेत कोणाचा घोडा कसा होता ते सांगून हसायच्या. मला तो आवाज इतक्या दिवसांनी ऐकू येत होता की पहिल्या एक-दोन वेळा मी रस्त्यातच थांबले.

मग आली संक्रांत.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींना वाण देतात, म्हणजे एखादी छोटीशी वस्तू. ही वस्तू कोणालाच नको असते. चहाची गाळणी, साबणाची डबी, प्लॅस्टिकची टोपली. ती एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून तिसऱ्या घरात जाते आणि एखाद्या वर्षी आपलीच गाळणी आपल्यालाच हळदीकुंकवासकट परत मिळते. आपणही ती ओळख न दाखवता घेतो. मॅडमना यात सुधारणा करायची होती. त्यांनी ठरवलं की या वर्षी मंडळाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून हाताने शिवलेल्या छोट्या वह्या द्यायच्या. एकीही बाई त्यात कधी काही लिहिणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. वाणाला ते अगदी शोभून दिसत होतं.

प्रत्येकीने वह्या शिवायच्या असं ठरलं. प्रत्येकीने एक-दोन शिवल्या आणि शिवतानाचे फोटो मात्र भरपूर काढले. उरलेल्या सगळ्या वहिनींनी शिवल्या. जानेवारीतला आमच्याकडचा कोहरा असा की दुपारपर्यंत समोरचं घर दिसत नाही. खळ वाळता वाळत नव्हती. ऊन आलं की वहिनी पुठ्ठे गच्चीवर मांडायच्या आणि माकडं येतील म्हणून हातात काठी घेऊन तिथेच बसायच्या. मी म्हटलं, एवढं कशाला करता? तर म्हणाल्या, "तुम्हा लोकांच्या हातची वही दुसऱ्या दिवशी सुटून जाईल. मंडळाची नाचक्की नको."

कार्यक्रमाचा दिवस ठरला तोही शनिवारच. वेळ आपली नेहमीची, हॉल त्या वेळी मोकळा असतो. हे सगळ्यांनी माना हलवून मान्य केलं. वहिनी त्या वेळी खळीचं भांडं धुवायला बाहेर नळावर गेल्या होत्या. मग सगळ्यांची नजर नळाकडच्या दाराकडे गेली आणि तिथून माझ्याकडे आली.

मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळ्या काकू म्हणतो, त्यांनी पदर सारखा केला. त्या आमच्यासारख्याच जुन्या घरातल्या. "म्हणजे, आमचं काही म्हणणं नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही असलं काही मानत नाही."

"मग प्रश्न काय आहे?" मी विचारलं. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायकांना भांडं बाहेर काढायला लावावं, एवढीच माझी इच्छा होती.

"आपण नाही गं मानत. पण लोकं असतात ना."

झाशीतली सगळी मराठी माणसं एका लग्नाच्या पंगतीत बसतात. मी त्यातल्या प्रत्येकाला ओळखते. ही लोकं मात्र मला आजवर कधी भेटलेली नाहीत. ती आहेत तरी कुठे, पंगतीला का येत नाहीत, असं मी विचारणार होते, इतक्यात मॅडमनी माझा हात हातात घेतला.

"ताई, मी त्यांच्या बाजूने विचार करते आहे," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "सगळ्या नटून येणार, एकमेकींना कुंकू लावणार, उखाणे घेणार. त्यांना किती अवघडल्यासारखं होईल! त्यांच्या भावना जपायला नकोत का?"

दुसऱ्याच्या भावना जपून त्यालाच घराबाहेर काढायचं हे कसब मी तोवर पाहिलं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमच्या प्रत्येकीच्या वहीच्या पहिल्या पानावर घोड्यावर बसलेली बाई आहे. वर्षातून दोनदा आपण तिच्या पुतळ्याला हार घालतो. ती कोण होती? तिचा नवरा आधीच वारला होता. तिलाही भावना जपायला घरी बसवली असती ना, तर आज आपल्याला काढायला घोडा मिळाला नसता."

काकूंनी पुन्हा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "त्यांची गोष्ट वेगळी."

"हो. त्यांच्याजवळ तलवार होती."

वहिनी भांडं पुसत आत आल्या आणि सगळ्या एकदम खळीच्या घट्टपणाबद्दल बोलायला लागल्या.

दोन दिवसांनी मोबाइलवरच्या आमच्या शनिवारच्या ग्रुपवर मॅडमचा निरोप आला. या शनिवारी जर्नलचा वर्ग नाही, फक्त हळदीकुंकू, सर्व सौभाग्यवतींनी काळी साडी नेसून, नटूनथटून यावे. खाली पतंग, फुलं आणि जोडलेले हात. वहिनीही त्याच ग्रुपवर आहेत हे एकीलाही आठवलं नाही, किंवा आठवलं असेल आणि सोयीचं वाटलं असेल. मी कचेरीतून आले तेव्हा त्या जिन्यात चष्मा लावून फोन बघत बसल्या होत्या.

"वर्ग का नाही?" त्यांनी विचारलं.

मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. नळावर त्या गेल्यावर काय बोलणं झालं, कोण काय म्हणालं, सगळं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं. मला वाटलं, आता रडतील. मीच रडायच्या बेतात होते.

"हळदीकुंकू करा की," त्या म्हणाल्या. "मी कुठे नको म्हटलं? मला त्यात यायचंही नाही. उखाणे ऐकून माझं डोकं दुखतं. पण शनिवार का घेतला? देवीचं हळदीकुंकू शुक्रवारी करतात, हे या शिकलेल्या बायकांना माहीत नाही का?"

"शुक्रवारी मॅडमचं क्लबात काही आहे."

"मग मंगळवारी करा. आठवड्यात आणखी दिवस आहेत. माझा एकच आहे." त्या उठल्या आणि जिना चढायला लागल्या. वरून आवाज आला, "मी शनिवारी जाणार. माझी एक वही अर्धी राहिली आहे. त्यांना सांगून दे, नंतर झटका बसायला नको."

मी मॅडमना फोन लावला. वहिनी नेहमीच्या वेळी येणार आहेत, खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवर बसून वही शिवणार आहेत, तुम्ही तुमचं हळदीकुंकू करा, त्यांना फक्त त्यांचं काम करू द्या, एवढंच सांगितलं. मग मॅडम एकदम उत्साहाने म्हणाल्या, "ताई, तुम्ही बघाच! आपण हे किती सुंदर करू." मला त्या उत्साहाची भीती वाटली, आणि ती वाजवी होती.

शनिवारी हॉल ओळखू येत नव्हता. झेंडूच्या माळा, कागदी पतंग, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने. वहिनींनी शिवलेल्या वह्या परातीत रचून त्यांवर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या होत्या. शेजारी पाटी होती, प्रेमाने शिवलेलं वाण. कोणाच्या प्रेमाने ते लिहिलेलं नव्हतं. वहिनी नेहमीच्या करड्या साडीत, नेहमीची पिशवी घेऊन आल्या. कोणाकडे न बघता आपल्या खुर्चीवर बसल्या, अर्धी वही काढली आणि शिवायला लागल्या. एका लष्करातल्या तरुण मुलीने येऊन त्यांना तिळगूळ दिला. "तिळगूळ घ्या, गोड बोला," ती म्हणाली.

"घेतला," वहिनी म्हणाल्या. "बोलायचं पुढच्या शनिवारी बघू."

ती पोरगी हसली आणि मला हायसं वाटलं. उखाणे सुरू झाले. नवऱ्यांची नावं चांदीच्या ताटात, सोन्याच्या वाटीत घालून घेतली गेली. मधून मधून वहिनींचा दोरा ओढल्याचा बारीक आवाज येत होता. मला वाटलं, निभावलं.

मग मॅडम हळदीकुंकवाचं ताट घेऊन उठल्या. एकेका बाईला कुंकू लावत त्या खिडकीशी आल्या आणि थांबल्या. मागे त्यांची मैत्रीण हातात फोन उंच धरून उभी. मॅडम हॉलकडे वळून म्हणाल्या, "मैत्रिणींनो, आज आपल्या मंडळात एक नवी सुरुवात होते आहे. या जुन्या भिंती आपण आज प्रेमाने पाडतो आहोत." त्यांचा आवाज भरून आला होता, आणि मला वाटतं तो खरोखरच भरून आला होता. वहिनींच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात ताणलेला दोरा, आणि दातांत दुसरी सुई धरलेली. त्यांना मान मागे घेण्यापलीकडे काही करता आलं नाही. मॅडमनी वाकून त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत आधी काकूंनी वाजवल्या. पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आमचं मंडळ पहिल्यापासूनच पुढारलेलं." ती लोकं कुठे गेली कोणास ठाऊक. फोन वहिनींच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ आला. आता त्या रडणार, मॅडमना मिठी मारणार, यासाठी सगळ्या थांबल्या होत्या.

वहिनींनी दातांतली सुई काढून वहीत टोचली. दोऱ्याला गाठ मारली, नाहीतर घडी सुटली असती. मग टेबलावरचं खळ पुसायचं ओलं फडकं उचललं आणि कपाळ पुसलं, एकदा आणि पुन्हा एकदा, डाग राहू नये म्हणून. टाळ्या एकेक करून थांबल्या. सणाच्या दिवशी भर हळदीकुंकवात कोणी आपल्या हाताने कुंकू पुसलेलं तिथे कोणीच पाहिलं नव्हतं.

"काकू," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मुळीच चढलेला नव्हता. "हे गेले तेव्हा माझं कुंकू पुसायला तुम्ही पुढे झालात. तेव्हा मला विचारलं नाहीत." मग त्यांनी मॅडमकडे बघितलं. "तुम्ही आज लावायला आलात. तुम्हीपण विचारलं नाहीत. कपाळ माझं आहे ना?"

फोन धरलेल्या मैत्रिणीला तो बंद करावा की नाही ते कळेना.

"मी कुंकवाला आले नाही आणि भिंती पाडायलाही आले नाही. आज शनिवार आहे, मी वही शिवायला आले आहे." त्यांनी फडकं घडी करून ठेवलं आणि सुई उचलली. "आता सरका जरा बाजूला. तुमची सावली पडते आहे, मला भोक दिसत नाही."

मॅडम सरकल्या. ताट त्यांच्या हातात तसंच होतं. मी काळ्या साडीत हॉलच्या मधोमध उभी होते आणि माझ्या कपाळावरचं कुंकू मला जड लागत होतं.

"तू काय उभी आहेस?" वहिनींनी माझ्याकडे न बघता विचारलं. "ये, पुठ्ठा धर."

मी खुर्ची ओढली आणि पुठ्ठा धरला.